विश्लेषण : चामड्याचा छंद धंद्यात उतरतो तेव्हा… तासाचा भाव कोण ठरवणार?

‘इतकं छान करतोस, तर विकत का नाहीस?’ चामड्याचे पाकीट, कार्डहोल्डर किंवा चष्म्याचे घर स्वतःच्या हाताने शिवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. करोनाकाळातील टाळेबंदीत अनेकांनी घरबसल्या नवे छंद धरले. कुणी पाव भाजू लागले, कुणी मातीकाम, तर काहींनी ऑनलाइन अवजारांचा संच मागवून चामडे कापायला घेतले. टाळेबंदी संपली, पण हा शेवटचा छंद बऱ्याच जणांच्या हाताला चिकटून राहिला. पहिले पाकीट वडिलांना, दुसरे मित्राला, तिसरे ऑफिसातील सहकाऱ्याला आणि चौथ्याला पहिल्यांदा पैसे मिळाले की इन्स्टाग्रामवर एक नाव, एक बोधचिन्ह आणि ‘ऑर्डरसाठी मेसेज करा’ ही ओळ अवतरते.

इथवरचा प्रवास आनंदाचा आहे. मात्र पुढे काय होते, हे यूट्यूबवरील ‘छंदातून लाखो कमवा’ छापाच्या चित्रफितींत फारसे दिसत नाही. या छोट्या उद्योगांची गाडी बहुतेकदा गिऱ्हाईक नसल्याने अडत नाही, ती अडते हिशेबात. चामड्याचा, दोऱ्याचा, कुरिअरचा खर्च वहीत लिहिला जातो. स्वतःचे तास मात्र कुणीच लिहीत नाही. महाराष्ट्रात या न लिहिलेल्या तासांना आणखी एक बाजू आहे, कारण चामड्याचे काम इथे नुसती कला म्हणून कधीच पाहिले गेले नाही.

सातशे रुपयांचे पाकीट नेमके कितीला पडते?

एक साधे उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण हिशेबाची पद्धत खरी आहे. समजा, दुमडणारे एक पाकीट बनवायचे आहे. त्याला वाया जाणाऱ्या तुकड्यांसह सव्वा चौरस फूट चामडे लागले आणि ते २०० रुपये फुटाने मिळाले, तर २५० रुपये झाले. मेण लावलेला दोरा, चिकटवायचे द्रावण, कडा गुळगुळीत करण्याचे साहित्य याचे ४० रुपये. खोके आणि आतले कागद ४५ रुपये. म्हणजे साहित्य ३३५ रुपयांचे. नवशिका कारागीर हे पाकीट ओळखीच्या माणसाला ७०० रुपयांना देतो आणि ३६५ रुपये सुटले म्हणून खूश होतो.

आता त्यात वेळ घालू. कापणे, कडा तासून पातळ करणे, भोके पाडणे, दोन सुयांनी शिवणे, कडा घासून चकचकीत करणे, असे सगळे धरले तर असे पाकीट हौशी हाताला सहज पाच तास घेते. ३६५ भागिले पाच म्हणजे तासाला ७३ रुपये. त्यातून बोथट झालेली पाती, तुटलेल्या सुया आणि दर चार-पाच पाकिटांमागे बिघडणारे एक, यासाठी नगामागे ८५ रुपये बाजूला काढले तर तासाला ५६ रुपये उरतात. आठ तासांचे ४४८ रुपये. पुण्या-मुंबईत एवढ्या रोजावर बिगारी कामगारही सहसा मिळत नाही.

छंद असेपर्यंत याने काही बिघडत नाही. रविवारी दुपारी क्रिकेट खेळणाऱ्याला धावेमागे किती मिळाले, असे कुणी विचारत नाही. पण नोकरी सोडण्याचा विचार मनात आला, की हाच ५६ रुपयांचा आकडा घरभाडे भरणार असतो.

तेच पाकीट नीट भावाने विकायचे ठरवू. श्रमाचा दर तासाला १२० रुपये धरला तर पाच तासांचे ६००. साहित्य ३३५, मोडतोड ८५, कुरिअर ८०, विक्री मंचाचे कमिशन किंवा जाहिरात १५०. बेरीज १,२५० रुपये. विक्रीची किंमत १,५०० ठेवली तर २५० रुपये नफा. कागदावर हे छान दिसते. आता महिन्याचे पाहू. २५ दिवस, रोज आठ तास म्हणजे २०० तास. पण हे सगळे तास शिवण्यात जात नाहीत. चामडे निवडायला जाणे, फोटो काढणे, ‘भैया, लास्ट प्राइस?’ला उत्तरे देणे, पार्सल बांधणे, परत आलेला नग दुरुस्त करणे यात निम्मा वेळ जातो. उरलेल्या १०० तासांत २० पाकिटे होतात. त्यांची मजुरी १२ हजार आणि नफा पाच हजार, एकूण १७ हजार रुपये. तेही वीसच्या वीस नग, पूर्ण किमतीला, दर महिन्याला विकले गेले तर. २०० तासांत भागले तर तासाला ८५ रुपये.

‘हाताने बनवलेली वस्तू इतकी महाग का?’ या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. आणि किंमत कमी ठेवून गिऱ्हाईक जोडू, नंतर वाढवू, हा सल्ला घातक का, याचेही. सातशेला पाकीट घेतलेला मित्र दुसऱ्यांदा पंधराशे देत नाही. उलट त्याने ज्या चौघांना पत्ता दिलेला असतो, तेही सातशेच हातात घेऊन येतात.

मग तास वाचतात कसे?

इथे खऱ्या कारागिराकडून शिकण्यासारखे बरेच आहे. हौशी माणूस एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो, कारण आनंद त्यातच असतो. कारखान्यातील कारागीर दहा नग एकदम कापतो, मग दहाच्या दहा तासतो, मग चिकटवतो. हत्यार बदलण्याचा, मेज आवरण्याचा, माप पुन्हा लावण्याचा वेळ त्यात वाचतो. पाच तासांचे पाकीट या पद्धतीने तीन तासांवर येऊ शकते. मग १०० तासांत वीसऐवजी ३३ पाकिटे होतात आणि वर मांडलेला महिन्याचा हिशेब एकदम वेगळा दिसू लागतो. ठरावीक आकाराची लोखंडी डाय करून घेतली तर कापण्याचे काम मिनिटांवर येते. काटकोनातील सरळ रेषांचे नमुने गोलाईच्या नमुन्यांपेक्षा कमी चामडे वाया घालवतात. या गोष्टी रोमहर्षक नाहीत, इन्स्टाग्रामवर त्यांना लाइकही मिळत नाहीत, पण धंदा यांवरच उभा राहतो.

शिवणीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाकेही सैल होऊ लागतात. हातशिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात. त्यामुळे एखादा टाका झिजून तुटला तरी बाकीची शिवण बराच काळ तग धरते. घोड्याच्या खोगिरासाठी ही शिवण वापरत. पट्टा किंवा बॅगेचा कान यांसारख्या ओढ बसणाऱ्या जागी तिचे मोल खरे आहे. पाकिटाच्या आतल्या कप्प्याला मात्र ती नसली तरी चालते. जिथे हाताची गरज नाही तिथे यंत्र वापरले तर वस्तू खोटी ठरत नाही. फक्त गिऱ्हाइकाला तसे सांगावे लागते.

चामडे कोणते, हे गिऱ्हाईक विचारणारच

‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का बाजारात सर्वांत फसवा. वस्तू चामड्याची आहे एवढेच तो सांगतो, ते कोणत्या प्रतीचे आहे हे नाही. जाड कातड्याचे आडवे थर काढले की वरचा, रंध्रांचा थर सर्वांत मजबूत असतो. खालचा थर कमकुवत, त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन नक्षी उमटवतात. दोन्हींवर तोच शिक्का बसू शकतो. ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकले जाणारे बरेचसे साहित्य म्हणजे आपल्याला जुन्या काळापासून माहीत असलेल्या रेक्झिनचेच भाऊबंद. ते वापरण्यात गैर काही नाही, पण नाव बदलल्याने ते टिकाऊ होत नाही.

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बहुतांश चामडे आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. ते लवकर तयार होते, मऊ असते आणि पाणीही बऱ्यापैकी सोसते. दुसरी पद्धत झाडांच्या साली आणि फळांची. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांचा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा. याला काही आठवडे लागतात, पण असे चामडे ताठ राहते, त्यावर ठसा उमटतो, कडा घासून चकाकते आणि हाताच्या तेलाने, उन्हाने त्याचा रंग हळूहळू गडद होतो. हातकाम करणाऱ्यांना ते आवडते, याचे कारण हेच. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक चामडेही याच जातीचे.

खरेदीला जाताना दोन गोष्टी नवख्याला हमखास फसवतात. पहिली, जाडी. पाकिटाच्या बाहेरच्या भागाला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर पुरते, कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार लागतात. एकच सुंदर तुकडा पाहून दोन्ही बनवायला गेले की पाकीट विटेसारखे होते. दुसरी, कातड्याचा भाग. पाठीकडचे घट्ट, पोटाकडचे ताणले जाणारे, मानेकडचे सुरकुतलेले. भाव मात्र सगळ्याचा चौरस फुटाने एकच. बकऱ्याचे चार-पाच फुटांचे कातडे घेतले आणि त्यातले पोटाचे भाग आणि जखमांच्या खुणा वगळल्या, तर हाती किती उरते हे पहिल्यांदा मोजणारा गप्पच होतो.

आणि पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथे जूननंतर कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत. दिवाळीच्या ऑर्डरसाठी जुलैत माल भरून ठेवणाऱ्याने हवा खेळती ठेवण्याची सोय आधी पाहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेले चामडे सर्वांत आधी बिघडते.

गिऱ्हाइकाचा आणखी एक प्रश्न असतो आणि तो हळू आवाजात येतो, ‘गाईचं की म्हशीचं?’ महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्यापासूनच आहे. मार्च २०१५मध्ये प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. या बदलाचा फटका चामड्याच्या पुरवठ्यालाही बसला. कोल्हापुरी चपलांचे कारागीर म्हशीच्या आणि परराज्यातून येणाऱ्या चामड्यावर अधिक विसंबू लागले. धारावीतील वर्कशॉपांत येणारे कमावलेले चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता इथून येते. तेव्हा छोट्या विक्रेत्याने कोणत्या जनावराचे आणि कुठून आलेले, हे पावतीसह ठेवणे आणि वस्तूबरोबर लिहून देणे उत्तम. यात धार्मिक भावनेचा मान आहे, तसाच स्वतःचा बचावही. साप, घोरपड यांच्या कातड्याच्या वाटेला तर जाऊच नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे आडवा येतो आणि तो जामीन देताना छंद पाहत नाही.

सरकारी कागद : थोडे सोपे, थोडे गमतीचे

उद्यम नोंदणी आधारवर होते, ऑनलाइन होते आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही, एवढे लक्षात ठेवावे. बोधचिन्हाचा ट्रेडमार्क नोंदवायचा तर व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२३पासून अशा नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स मंचांवरही विकता येते, पण फक्त आपल्या राज्यात. बेळगावच्या किंवा बडोद्याच्या गिऱ्हाइकाला मंचावरून पाठवायचे तर नोंदणी लागते. थेट विक्रीत मात्र हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे. २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला त्या परराज्यात पाठवता येतात, पॅन आणि ई-वे बिल असले म्हणजे झाले. चामड्याच्या पिशव्या आणि पर्स या यादीत आहेत.

गंमत पुढे आहे. २२ सप्टेंबर २०२५पासूनच्या नव्या दरांत हस्तकलेत मोडणाऱ्या हँडबॅगा आणि पर्स १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्या. पण जीएसटीच्या भाषेत हस्तकला म्हणजे काय? वस्तू मुख्यत्वे हाताने बनलेली हवी, हे झालेच. शिवाय तिच्यावर अलंकरण, जडावकाम किंवा तशाच प्रकारचे भरीव काम हवे आणि ती यंत्राने बनलेल्या तशाच वस्तूपेक्षा स्पष्टपणे वेगळी दिसायला हवी. आता विचार करा. साधेपणा हेच ज्याचे सौंदर्य आहे, अशी एकरंगी, नक्षीविरहित, पण प्रत्येक टाका हाताने घातलेली पर्स या व्याख्येत बसते का? वाद घालता येईल, पण घालत बसण्याइतका वेळ छोट्या कारागिराकडे नसतो. हाताच्या कामाची व्याख्या करताना सरकारने तास न मोजता नक्षी मोजली, असेच म्हणावे लागेल. ही व्याख्या बदलायला हवी.

परदेशात विकणाऱ्यांची गेल्या वर्षी वेगळीच परीक्षा झाली. हाताने बनवलेल्या वस्तूंना अमेरिकेत बरा भाव मिळतो, म्हणून अनेक छोटे विक्रेते तिकडे पार्सले पाठवत. २९ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयातशुल्क माफी काढून टाकली. शुल्क कुणी, कसे भरायचे हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबवली. मोठ्या निर्यातदाराला अशा वेळी वकील असतो, दलाल असतो. घरातल्या मेजावर पार्सल बांधणाऱ्याला फक्त ‘माझी बॅग कुठे आहे?’ असे मेसेज येत राहतात. सगळी विक्री एकाच देशावर टांगू नये, हे शहाणपण तेव्हा अनेकांना महागात पडले.

दोनशे नगांची ऑर्डर येते तेव्हा…

छंदाचा धंदा खरा होतो तो दिवाळीच्या तोंडावर. एखाद्या कंपनीला कर्मचाऱ्यांना द्यायला डायरीची दोनशे चामडी आवरणे हवी असतात, त्यावर बोधचिन्ह हवे असते आणि ती सहा आठवड्यांत हवी असतात. नगाला तीन तास धरले तरी ६०० तास. एका माणसाला रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, ७५ दिवस. नाही म्हणण्याची हिंमत फार थोड्यांकडे असते. मग पावले धारावीकडे वळतात.

शीव-वांद्रे लिंक रोडवरची चामड्याची दुकाने सगळ्यांना दिसतात. त्यांच्या मागच्या गल्ल्यांतील पोटमाळ्यांवर कापणारे, तासणारे, शिवणारे हात बसलेले असतात. तिथे नगावर मजुरी ठरते. छंद म्हणून तीन तास घेणारे काम तिथला कारागीर निम्म्याहून कमी वेळात आणि अधिक सफाईने करतो. माल वेळेवर होतो, कंपनी खूश होते आणि आवरणासोबत एक छोटे कार्ड जाते, ‘प्रेमाने, हाताने घडवलेले’ आणि खाली ब्रँडचे नाव.

कार्डावरचे वाक्य खोटे नाही. हात कुणाचा, एवढेच त्यात नाही. ज्याने स्वतःच्या तासाला १२० रुपये लावून पंधराशेची किंमत गिऱ्हाइकाला पटवून दिली, तोच आता दुसऱ्याच्या तासाची किंमत ठरवण्याच्या जागी बसलेला असतो. आणि घासाघीस करताना तो बहुतेकदा तेच बोलतो, जे ऐकून स्वतः कधी वैतागला होता : ‘इतके कसले? साधे तर काम आहे.’

काम कुणाचे, नाव कुणाचे?

महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि त्यापासून वस्तू घडवण्याचे काम चर्मकार समाजाकडे जातीने लादले गेले. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवायचे आणि त्याने बनवलेली वहाण, मोट, चाबूक मात्र गावात वापरायचे, ही रीत फार जुनी नाही. आजही एसी स्टुडिओतील आरी ‘क्राफ्ट’ असते आणि रेल्वे स्थानकाबाहेरच्या फलाटावरील आरी ‘मोच्याचे सामान’. एकाच्या शिवणीचे फोटो काढले जातात, दुसऱ्याला तुटलेला पट्टा शिवल्याबद्दल सुट्टे नाहीत म्हणून दहा रुपये कमी दिले जातात. हौशी मंडळींनी चामड्याचे काम करू नये, असा याचा अर्थ अजिबात नाही. उलट, सर्व जातींतील तरुण हातात रापी आणि आरी घेत असतील तर ती चांगलीच गोष्ट. पण या कामाला आलेली नवी प्रतिष्ठा नव्याने येणाऱ्यांच्याच खात्यात जमा होऊ लागली, तर जुने दुखणे नव्या वेष्टनात राहील.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. टीकेनंतर कंपनीने या चपलेचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. पण मिलानच्या कंपनीला विचारलेला प्रश्न पुण्या-मुंबईच्या छोट्या ब्रँडला विचारायचा नाही, असे का? नाव न घेता काम वापरण्याची सवय मोठ्या भांडवलाचीच असते, असे नाही. ती तीन हजार फॉलोअर असलेल्या पानालाही असू शकते.

वेगळा रस्ता अशक्य नाही. सुधीर राजभर यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘चमार स्टुडिओ’ने जातीवाचक शिवी म्हणून फेकले जाणारे नावच ब्रँडवर झळकवले आणि २०१५च्या बंदीनंतर काम गमावलेल्या कारागिरांना हाताशी धरून टाकाऊ रबरापासून बॅगा घडवल्या. प्रत्येकाने हाच मार्ग धरावा असे नाही. पण नफ्यातला वाटा आणि नाव या दोन्ही गोष्टी वाटता येतात, हे त्यातून दिसले.

सरकारी योजनांतही ही फट दिसते. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज, अशी तिची रचना आहे. योजना पारंपरिक हस्तव्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे आयटीतून आलेल्या हौशी माणसाने तिच्याकडे पाहू नये, हे योग्यच. पण अवजारे मिळालेल्या कारागिराला फोटो काढणारा, इंग्रजीत वर्णन लिहिणारा, बंगळूरुच्या गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस कोण देणार? तो नेमका त्या हौशी माणसातच असतो. त्याच्याकडे बाजार आहे, हात अजून कच्चा आहे. कारागिराकडे हात आहे, बाजार नाही. दोघांनी एकत्र यावे, असे सगळेच म्हणतात. कोणत्या दराने, हे कुणी म्हणत नाही.

तो दर काढणे फार अवघड नाही. दोनशे आवरणांच्या ऑर्डरमध्ये कारागिराला नगामागे लागणारा वेळ घड्याळ लावून मोजायचा आणि ब्रँडच्या मालकाने स्वतःच्या तासाला जो भाव लावला, तोच त्याच्या तासाला लावायचा. कारागीर एका नगाला सव्वा तास घेत असेल आणि मालकाचा तास १२० रुपयांचा असेल, तर मजुरी नगाला १५० रुपये. कारागिराचा हात अधिक तरबेज आहे, म्हणजे खरे तर त्याचा तास महाग असायला हवा, पण निदान बरोबरीने सुरुवात होऊ शकते. चामड्यासाठी आगाऊ रक्कम ब्रँडने द्यायची, कारण पैसे ४५ दिवसांनी देणाऱ्या कंपनीची वाट पाहण्याइतके भांडवल पोटमाळ्यावर नसते. आणि बिघडलेल्या नगांचा तोटा कुणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवायचे, नंतर नव्हे.

धारावीचा पुनर्विकास सुरू आहे. त्या पोटमाळ्यांपैकी किती तिथेच राहतील, किती शहराबाहेर जातील, हे ठरायचे आहे. ते हात पांगले तर दिवाळीच्या तोंडावर दोनशे आवरणांची ऑर्डर घेणाऱ्या कितीतरी ‘हॅन्डमेड’ पानांना आपले दुकान कुणाच्या जिवावर चालत होते, हे एका हंगामातच कळेल.

नाव लिहिण्याची सोय तर आता कोल्हापुरीवाल्यांनी करून दाखवली आहे. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, या चपलांसाठी क्यूआर कोड आणला. मोबाइल त्यावर धरला की चप्पल घडवणाऱ्याचे नाव आणि गाव समोर येते. डायरीच्या आवरणासोबत जाणाऱ्या त्या छोट्या कार्डावर, ‘प्रेमाने, हाताने घडवलेले’च्या खाली, अजून अर्धी जागा रिकामीच असते.